ओटचें बिस्किट : सोपेपणाचें मर्म

पाकशास्त्राच्या पुस्तकांत एखाद्या पदार्थापुढें ‘सोपी कृति’ असे शब्द दिसले म्हणजे नवशिक्या गृहिणीला धीर येतो. परंतु सोपेपणा दोन प्रकारचा असतो. कोणीतरी आधींच कष्ट करून ठेवलेले असतात म्हणून आलेला, हा एक. आणि पदार्थाच्या घडणींतच अवघड असें कांहीं नसतें म्हणून आलेला, हा दुसरा. ओटच्या बिस्किटांत हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. त्याला अंडें लागत नाहीं, लाटणें लागत नाहीं, साचा लागत नाहीं, आणि पीठ तिंबण्याचे श्रमहि पडत नाहींत. सुकीं फळें आणि चॉकोलेट घातलेलीं हीं बिस्किटें आज शहरांतील कित्येक घरांतून होऊं लागलीं आहेत. मात्र तीं एकदां खुसखुशीत होतात, तर दुसऱ्या वेळीं दगडासारखीं कठीण. एकदां त्यांतला बेदाणा जळून कडू होतो, तर दुसऱ्या वेळीं चॉकोलेट वितळून सारें पीठ काळवंडतें. कृति तीच, हात तोच, आणि परिणाम मात्र दर वेळीं निराळा, असें कां व्हावें? याचें उत्तर मोजमापांत नाहीं. ज्या पदार्थांनीं हें बिस्किट घडतें त्यांच्या स्वभावांत, आणि ज्या परिस्थितींत तें जन्मास आलें त्या परिस्थितींत, तें शोधावें लागतें.

प्रथम ओट या धान्याची ओळख करून घेणें अवश्य आहे. पुष्कळ लोक ओट आणि जव हीं एकच समजतात. तें बरोबर नाहीं. जव म्हणजे महाराष्ट्रांत ज्याला सातू म्हणतात तें धान्य. ओटचें झाड निराळें, त्याची लोंबी मोकळी व झुलती असते. वनस्पतिशास्त्रांत त्याला ‘अव्हेना सतिव्हा’ असें नांव आहे. उत्तर हिंदुस्थानांत त्याला जई म्हणतात, आणि तेथें तें मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठीं पेरलें जातें. माणसाच्या अन्नांत त्याला मानाचें स्थान मिळालें तें थंड, ओलसर आणि हलक्या जमिनीच्या प्रदेशांत. जेथें गहूं नीट पिकत नाहीं तेथें. स्कॉटलंड हा असाच प्रदेश. डॉक्टर जॉन्सन यानें १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशांत या धान्याची व्याख्या करतांना स्कॉच लोकांना एक चिमटा काढला आहे. इंग्लंडांत जें घोड्यांना घालतात त्यावर स्कॉटलंडांत माणसें जगतात, असा त्याचा आशय. परंतु त्या चिमट्यांत सत्यहि होतें. चौदाव्या शतकांतील फ्रेंच इतिवृत्तकार फ्रॉयसार यानें स्कॉच स्वारांचें वर्णन करतांना सांगितलें आहे कीं, प्रत्येक स्वार आपल्यापाशीं एक लोखंडी पत्रा आणि ओटच्या पिठाची पिशवी बाळगीत असे. मुक्कामावर जाळ करून तो पत्रा तापवावयाचा आणि त्यावर पातळ भाकरी भाजून घ्यावयाची, एवढाच त्याचा स्वयंपाक. स्कॉच घरांतून तसला पत्रा पुढेंहि शतकानुशतकें चुलीवर चढत राहिला. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला यांत परकें वाटण्यासारखें कांहीं नाहीं. तवा तोच आणि गरजहि तीच.

हें ओटचें पीठ चरबी आणि कढत पाणी घालून मळीत असत. कढत पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांची ही जोडी लक्षांत ठेवावी, कारण पुढें हजारों मैलांवर ती पुन्हां भेटते. १८४८ सालीं स्कॉटलंडांतील वसाहतकऱ्यांनीं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डनेडिन हें नगर वसविलें. त्याचें नांव देखील एडिंबरोच्या जुन्या गेलिक नांवावरून घेतलेलें. माणसें गेलीं, तसें त्यांच्याबरोबर त्यांचें धान्य आणि त्यांची चूलहि गेली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील तरुण हजारोंनीं समुद्रापार लढावयास गेले. या दोन देशांच्या संयुक्त सेनेच्या इंग्रजी नांवांतील आद्याक्षरें जोडून ‘अँझॅक’ हा शब्द बनला. २५ एप्रिल १९१५ रोजीं ही सेना तुर्कस्तानांतील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली, आणि तेव्हांपासून तो शब्द त्या दोन्ही राष्ट्रांना पवित्र झाला. सैनिकांना सरकारी शिध्यांत मिळणारें बिस्किट इतकें कठीण असे कीं, तें कुटून किंवा किसून त्याची लापशी करावी लागे. घरीं राहिलेल्या स्त्रिया ओट, पीठ, साखर, लोणी आणि गोल्डन सिरप यांचें गोड बिस्किट करीत. तीं बिस्किटें विकून युद्धनिधीसाठीं पैसा उभा केला जाई, अशी आठवण त्या देशांत जपली जाते. ‘अँझॅक’ हें नांव या कृतीला चिकटलें तें युद्ध संपल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, डनेडिनमध्यें छापल्या जाणाऱ्या एका पाकपुस्तकांतून. नारळाचा कीस तर त्यांत आणखी मागाहून आला.

या बिस्किटांत अंडें कां नाहीं, याचें कारण आतां उघड होईल. युद्धकाळांत अंडीं दुर्मिळ होतीं, आणि अंड्याशिवाय केलेला कोरडा पदार्थ अधिक दिवस टिकतो. पीठ एकत्र बांधण्याचें जें काम अंडें करतें तें येथें साखरेच्या पाकानें केलें. म्हणजे जी गोष्ट आज सोय म्हणून मिरवते ती मूळ अभावांतून आली. नाइलाजानें जें गाळलें गेलें त्यावांचून पदार्थाचें कांहींच अडत नाहीं, असें अनुभवानें ठरलें; आणि सोपी कृति जन्मास आली.

ऑस्ट्रेलियांत ‘अँझॅक’ या शब्दाच्या व्यापारी वापरावर १९२१ सालापासून कायद्यानें बंधन आहे. बिस्किटांना त्यांतून सवलत मिळते. परंतु दोन अटींवर. कृति परंपरागत कृतीपासून फारशी ढळतां कामा नये, आणि त्यांना अमेरिकन पद्धतीनें ‘कुकी’ म्हणतां कामा नये. चॉकोलेट घातलेलें बिस्किट त्या नांवानें दुकानांत मांडूं म्हटलें तर परवानगी मिळणें कठीण. कोणी याला हट्ट म्हणेल. परंतु जें अन्न आठवण म्हणून खाल्लें जातें त्यांत भर घालतांनाहि मर्यादा पाळावी, ही भावना समजण्यासारखी आहे. एकादशीच्या फराळांत काय चालतें आणि काय चालत नाहीं याचा काटेकोर विचार करणाऱ्या समाजाला ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

घरगुती स्वयंपाकघरावर अर्थातच कोणताहि कायदा लागू नाहीं. तेथें सुकीं फळें घालावीं, चॉकोलेटहि घालावें. चॉकोलेटचे तुकडे बिस्किटाच्या पिठांत मिसळण्याची प्रथा अमेरिकेंत रूढ झाली ती १९३० नंतरच्या दशकांत. मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन या गांवीं टोल हाउस नांवाची खाणावळ चालविणाऱ्या रूथ वेकफील्ड या बाईंच्या कृतीनें ती घरोघर पोहोंचली. म्हणजे स्कॉच शेतकऱ्याचें धान्य, युद्धकाळांतील काटकसर आणि अमेरिकेंतील सुबत्ता या तीन गोष्टी आजच्या या लहानशा बिस्किटांत एकत्र नांदतात. त्यांचें पटवून देणें, हेंच करणाऱ्याचें कौशल्य.

बाजारांत जे चपटे ओट मिळतात ते कच्चे धान्य नव्हेत. ओटच्या दाण्यांत गव्हापेक्षां कितीतरी अधिक तेल असतें, आणि टरफल काढल्यावर दाण्यांतीलच एक द्रव्य त्या तेलाला लवकर खवट करूं लागतें. म्हणून गिरणींत दाणे सोलतात, वाफवतात, आणि मग लोखंडी रुळांमधून दाबून चपटे करतात. वाफेनें तें खवट करणारें द्रव्य निष्क्रिय होतें आणि दाणा निम्मा शिजतो. गृहिणीचे अर्धे श्रम असे आधींच कोणीतरी केलेले असतात. दुसरी गोष्ट अशी कीं, गव्हाच्या पिठांत पाणी घालून तिंबलें म्हणजे जो चिवट ताण येतो तो ओटमध्यें येत नाहीं. ताण नाहीं म्हणून बिस्किट सहज खुसखुशीत होतें. परंतु ताण नाहीं म्हणूनच नुसत्या ओटचें बिस्किट हातांत घेतांच भुरभुरतें. याकरितां त्यांत थोडें गव्हाचें पीठ लागतें.

आतां प्रमाण. चपटे ओट १०० ग्रॅम, मैदा किंवा बारीक कणीक १०० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, काकवी ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, कढत पाणी एक मोठा चमचा, चिमूटभर मीठ, बेदाणे किंवा इतर सुकीं फळें ५० ग्रॅम आणि कडसर चॉकोलेट ५० ग्रॅम. एवढ्या साहित्यांत वीस बिस्किटें होतात. गोल्डन सिरपच्या जागीं येथें काकवी सांगितली आहे, तिला कारण आहे. तें सिरप म्हणजे साखर शुद्ध करतांना उरणारा दाट, सोनेरी पाक. लंडनमध्यें लाइल यांच्या कारखान्यानें तो १८८० नंतरच्या दशकांत विक्रीस आणला. काकवी हा उसाच्या रसाचा गूळ होण्यापूर्वींचा पाक. दोहोंचा धर्म सारखाच आहे : साखरेप्रमाणें त्यांचे खडे होत नाहींत, ओलावा धरून ठेवतात, आणि किंचित् आंबटपणामुळें सोड्याला जागें करतात. कोल्हापूरकडची चांगली काकवी घातली तर बिस्किटाला जो खमंगपणा येतो तो परदेशी डब्यांतल्या पाकानें येईलच असें नाहीं. लोण्याऐवजीं साजूक तूप वापरावयाचें असल्यास तें ८० ग्रॅमच घ्यावें, कारण लोण्यांत पाण्याचा अंश असतो आणि तुपांत तो नसतो. तूट भरून काढण्यासाठीं पाणी एक चमचा अधिक घालावें. मैद्याऐवजीं कणीक घेतल्यासहि पाणी थोडें वाढवावें.

कृति अशी. ओट, पीठ, साखर आणि मीठ एका पसरट भांड्यांत कोरडींच मिसळावीं. लोणी आणि काकवी मंद आंचेवर पातळ करून भांडें खालीं उतरवावें. तीं उकळूं देऊं नयेत. कढत पाण्यांत सोडा विरघळवून तो या मिश्रणांत ओततांच तें फसफसून वर येतें. म्हणून भांडें थोडें मोठेंच असावें. हा फेस निवण्याच्या आधीं कोरड्या साहित्यांत ओतून चमच्यानें ढवळावा. सोड्याचें काम दुहेरी आहे. वायु सोडून तो बिस्किट हलकें करतो, आणि पिठाचा आंबटपणा मोडून त्याला भट्टींत तांबूस रंग लवकर आणतो. मात्र ‘थोड्यानें एवढें, तर अधिकानें किती’ असा हिशेब येथें उपयोगी नाहीं. जास्त झालेला सोडा जिभेला साबणासारखा लागतो.

मिश्रण ढवळून झाल्यावर पाव तास झांकून ठेवावें. घाईच्या वेळीं हीच पायरी गाळली जाते, आणि पुष्कळशा फजितीचें मूळ तेथेंच असतें. या पाव तासांत दोन गोष्टी घडतात : ओट पाणी पितात, आणि मिश्रण निवतें. ओटनें पाणी न प्यायल्यास बिस्किट ताटांत पसरून जाळीसारखें होतें; आणि मिश्रण कोमट असतांना चॉकोलेट घातलें तर तें तत्काळ वितळतें. कोकोचें लोणी माणसाच्या अंगाच्या उष्णतेपेक्षांहि कमी उष्णतेवर, सुमारें ३४ अंश सेल्सिअसला, वितळतें. चॉकोलेट जिभेवर विरघळतें तें याच गुणामुळें; वैशाखांत नागपूरच्या स्वयंपाकघरांत तें बशींतच विरघळतें तेंहि याचमुळें. म्हणून तें सुरीनें हरभऱ्याएवढ्या तुकड्यांत चिरून, मिश्रण पूर्ण निवाल्यावर, सर्वांत शेवटीं घालावें.

सुक्या फळांचा विचार निराळा. तासगांव आणि सांगलीकडचा भाग बेदाण्यासाठीं प्रसिद्ध आहे. तेथें द्राक्षांचे घड उघड्या उन्हांत न वाळवितां, वारा खेळेल अशा आच्छादित मांडवांत जाळ्यांवर पसरून वाळवितात. सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे पाणी गेलें, पण साखर सारी आंत उरली. बेदाण्याचें जवळजवळ दोन-तृतीयांश वजन साखरेचेंच असतें. बेदाणे घातल्यावर वरची साखर कमी करावयाची ती याकरितां. नाहीं तर बिस्किट अतिगोड होतें आणि कडेनें करपतें. फार कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते पिठांतला ओलावा शोषून घेतात. म्हणून ते दहा मिनिटें कोमट पाण्यांत भिजवून, फडक्यानें टिपून घ्यावेत. जर्दाळू, खजूर किंवा अंजीर घ्यावयाचें असल्यास बेदाण्याएवढेच तुकडे करावेत. आणि पीठ ताटांत मांडतांना वर डोकावणारें प्रत्येक फळ बोटानें आंत दडपावें. पिठाबाहेर राहिलेला बेदाणा भट्टीच्या आंचेंत फुगतो, काळा पडतो आणि कडू होतो. पिठाच्या आंत असलेला मात्र मऊ राहतो.

लिंबाएवढे गोळे करून, दोन-दोन इंचांचें अंतर ठेवून, तूप लावलेल्या ताटांत मांडावेत आणि तळहातानें किंचित् दाबावेत. भट्टी आधींच १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असावी. बारा ते चौदा मिनिटें पुरतात. कडा तांबूस आणि मध्य फिका व मऊ दिसला म्हणजे ताट बाहेर काढावें. येथेंच निश्चयाची परीक्षा असते. मऊ बिस्किट पाहून तें कच्चें आहे असें वाटतें, आणि आणखी पांच मिनिटें ठेवण्याचा मोह होतो. परंतु गरम असतांना पाक पातळ असतो; तो निवाल्यावरच घट्ट होतो. भट्टींतच कठीण झालेलें बिस्किट निवाल्यावर दांतांना दाद देत नाहीं. दहा मिनिटें ताटांतच राहूं द्यावें, मग जाळीवर काढावें. घरीं भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत मीठ पसरून, त्यावर ताटली टेकवून, झांकण ठेवून मंद आंचेवर हीं बिस्किटें होतात. मात्र वेळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि वरची बाजू फिकी राहते. महाराष्ट्रांत दिवाळीच्या दिवसांत नानकटाईचे ताट शेजारच्या पावभट्टीवर नेऊन भाजून आणण्याची चाल शहरांतून होती. नानकटाई खुसखुशीत होते तीहि स्निग्धपणा भरपूर आणि मळणें कमी या एकाच तत्त्वावर. पूर्ण निवालेलीं बिस्किटें घट्ट झांकणाच्या डब्यांत आठवडाभर चांगलीं राहतात. पावसाळ्यांत मऊ पडलीं तर पांच मिनिटें पुन्हां भट्टींत ठेवावींत. बिस्किट या शब्दाचा लॅटिन मूलार्थच मुळीं ‘दोनदां भाजलेलें’ असा आहे.

शेवटीं एका भ्रमाचा उल्लेख केला पाहिजे. ओट आरोग्याला हितकारक, तेव्हां ओटचें बिस्किटहि हितकारक, असें अनुमान सर्रास केलें जातें. ओटमध्यें बीटा-ग्लूकन नांवाचा विरघळणारा तंतुमय अंश असतो. तो रोज ३ ग्रॅम पोटांत गेल्यास रक्तांतील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, आणि तसा उल्लेख वेष्टनावर करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९९७ सालीं संमति दिली. परंतु हिशेब करून पाहावा. वर सांगितलेल्या प्रमाणांत एका बिस्किटांत ५ ग्रॅम ओट येतात आणि त्यांत हा अंश सुमारें एक-पंचमांश ग्रॅम. म्हणजे ३ ग्रॅमसाठीं पंधरा बिस्किटें खावीं लागतील. आणि त्यांबरोबर ७५ ग्रॅम लोणी व ६० ग्रॅम साखर पोटांत जाईल, काकवी, बेदाणे आणि चॉकोलेट यांतली साखर वेगळीच. ज्याला ओटचा गुण हवा त्यानें सकाळीं त्याची लापशी खावी. बिस्किट हा खाऊ आहे. तो खाऊ म्हणूनच द्यावा आणि खाऊ म्हणूनच खावा. शाळेंतून भुकेजून आलेल्या मुलाच्या हातावर दुधाच्या पेल्याबरोबर दोन बिस्किटें ठेवणें हें सुख आहे. त्याला औषधाचें नांव देऊन सहा ठेवणें ही फसवणूक आहे, आणि ती प्रेमानें केली म्हणून कमी होत नाहीं.

आणखी दोन सूचना. ज्यांना गव्हांतील चिकट द्रव्य सोसत नाहीं त्यांनीं मैद्याऐवजीं नुसते ओट वापरून निर्धास्त होऊं नये. शेतांत आणि गिरणींत ओटमध्यें गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून तशी हमी छापलेलेच ओट घ्यावेत, आणि तेहि वैद्याला विचारून. तसेंच घरांत कुत्रा पाळलेला असल्यास हीं बिस्किटें त्याच्या तोंडापर्यंत जाऊं देऊं नयेत. बेदाणे आणि चॉकोलेट हीं दोन्ही त्याला विषासमान आहेत.

ज्या स्त्रियांनीं ही कृति प्रथम बसविली त्यांच्यापाशीं अंडीं नव्हतीं आणि चैनीला जागा नव्हती. होतें तेवढ्यांत त्यांनीं टिकाऊ आणि गोड असें कांहीं केलें. आज घालावयास पुष्कळ आहे, म्हणून काय किती घालावें हें ठरविण्याची जबाबदारी वाढली आहे. मूठभर बेदाणे आणि चार तुकडे चॉकोलेट यांनीं ओटच्या खमंग चवीला शोभा येते. ओंजळभर घातले तर ती चवच हरवते, आणि उरतो तो केवळ गोडवा. बिस्किटाचा पहिला घास घेतल्यावर दांतांखालीं ओट लागला पाहिजे, आणि फळ किंवा चॉकोलेट मागाहून भेटलें पाहिजे. एवढा क्रम राखला गेला तर तें बिस्किट साधलें असें समजावें.